सर्वानुमते चकली

एका उन्हाळ्यात मी पाच बायकांच्या दहा डोळ्यांना सुट्टी दिली आणि सगळं आकाश माझ्या दोन डोळ्यांनी बघून घेतलं. तेही दोन डोळे पुरते माझे नव्हते. आतली भिंगं डॉक्टरांनी नुकतीच बसवलेली. यात काही चुकतंय असं मला अजिबात वाटलं नाही. उलट खगोलशास्त्राचा सगळा भार आता आपल्याच खांद्यावर आहे अशा थाटात मी नालवाडीच्या रस्त्याने भाजी आणायला जायची. तेव्हाची मी म्हणजे आजच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी मूर्ख. तिला हसायला मला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून पोटभर हसून घेते.

सुरुवात मोतीबिंदूपासून झाली. ऑपरेशन झालं आणि मला घरातली जळमटं दिसायला लागली. सुनेच्या स्वयंपाकघरातली, देवघरामागची, शेजारणीच्या खिडकीतलीसुद्धा. रोज सकाळी चहाबरोबर मी नवीन एखादा शोध जाहीर करायची. माझी सून वर्ध्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती भांडत नाही, तिची तऱ्हा वेगळी आहे. तिने एक दिवस आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, आई, इतकं स्पष्ट दिसतंय तर आता जरा लांबचं बघा.

लांबचं म्हणजे किती लांबचं, ते मला हळूहळू कळलं. मोठमोठ्या दुर्बिणींनी आकाशाचे इतके फोटो काढून ठेवले आहेत की शास्त्रज्ञ जन्मभर बघत बसले तरी ते संपायचे नाहीत. त्या फोटोंत दीर्घिका आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच दुसरे ताऱ्यांचे संसार. त्यांचे आकार निरनिराळे असतात, आणि आकारावरून त्यांची जन्मकथा कळते. ते आकार ओळखायला संगणकालाही शिकवावं लागतं, आणि त्याला शिकवायचं तर आधी माणसांनी बघून सांगितलेलं लागतं. म्हणून जगभरातली साधी माणसं, दुकानदार, नर्सा, रिटायर झालेले, घरबसल्या हे फोटो बघतात आणि प्रश्नांची उत्तरं देतात. गुळगुळीत गोल आहे का? की चपटी तबकडी आहे? तिला पिळाचे हात आहेत का? मध्ये आडवी पट्टी आहे का? दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत का? एकेक फोटो पुष्कळ जणांना दाखवतात आणि सगळ्यांची मतं एकत्र मांडतात.

मला वाटलं, हे तर चौथीच्या चाचणीसारखं आहे. मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गाची ख्याती अशी की तपासणीला साहेब आले आणि कोणतीही वही उघडली, तरी तेच उत्तर, त्याच शब्दांत, त्याच वळणाच्या अक्षरात. साहेब खूष व्हायचे. मी त्यांच्याहून खूष. आकाशगंगा एकच आणि ती आपली, हेही मी त्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतलं होतं. तेव्हा पहिल्या दिवशी मी एका फोटोवर ‘गोल’ असं उत्तर दिलं आणि हात जोडून बरोबरच्या खुणेची वाट बघत बसले. खूण आलीच नाही. यंत्राने नुसतं पुढचं चित्र दिलं. मी सुनेला हाक मारली. म्हटलं, बरोबर की चूक ते कुठे दिसतं? ती म्हणाली, कुठेच नाही. मी म्हटलं, मग मार्क? तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला. ऑपरेशननंतर मला चष्मा नाही हे नंतर लक्षात आलं.

पण गोडी लागली. मी आकारांना आपली घरची नावं ठेवली. गुळगुळीत तो गोळा. पिळाची ती चकली. कडेने दिसणारी तबकडी म्हणजे आडवी धरलेली भाकर. ज्याला ना धड शेंडा ना बुडखा, ती पाटीवरून उचलताना मोडलेली कुरडई. ही नावं मला इतकी आवडली की ती एकटीपुरती ठेवणं शक्यच नव्हतं. गोष्ट समजली की ती दहा जणांना समजावल्याशिवाय मास्तरणीच्या पोटात ठरत नाही.

त्याच सुमारास सुनेच्या ओळखीच्या, पुण्याच्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंनी मराठी प्रश्नांचा एक छोटा संच तयार केला होता. त्यात लांबच्या, अंधुक, ज्यांच्याबद्दल आधी बघणाऱ्यांचं जमलं नव्हतं अशा दीर्घिका जास्त घेतल्या होत्या, थोड्या स्वच्छही. सगळ्यांना तीच चित्रं, त्याच क्रमाने. त्यांना गावोगावची माणसं हवी होती. मी सुनेला म्हटलं, माणसं मी देते.

माणसं तयारच होती. आमच्या बचत गटातल्या पाच जणी दुपारी माझ्या व्हरांड्यात बसायच्याच. एक माझी धाकटी जाऊ. ती कारंजा घाडग्याकडची, भिंतीला भिंत लावून राहते, ब्लाउज शिवते. दुसऱ्या डेपोवाल्या वहिनी. त्यांचे मिस्टर पुलगावच्या डेपोतून रिटायर झाले आणि येताना न बोलण्याची सवय घरी घेऊन आले. ती वहिनींनाही लागली. आज काय भाजी केली हेसुद्धा त्या दोनदा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तिसऱ्या अंगणवाडीतल्या ताई, रिटायर झालेल्या. बहिणीशी फोनवर गोंडीत बोलतात आणि आमच्याशी हसून. आणि एक सासू-सुनेची जोडी, जिचं घरी मीठ किती टाकायचं यावरही जमत नाही.

माझ्या सुनेने प्रत्येकीच्या फोनवर वेगळं खातं उघडून दिलं. आपापलं बघा, आपापलं उत्तर द्या, असं तिने सांगितलं आणि ती कॉलेजात निघून गेली. तिने थांबायला हवं होतं.

आता आमच्या गटाची शिस्त सांगायला हवी. गटाची अध्यक्ष मी. सभेत कोणतीही गोष्ट ठरवायची तर आधी सूचक लागतो, मग अनुमोदक, मग ‘सर्वानुमते मंजूर’. सतरंजी घ्यायची असो की हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं ते असो, सर्वानुमते झाल्याशिवाय आमच्यात पान हलत नाही. तालुक्याच्या मेळाव्यात आमच्या या एकीचं कौतुक झालं होतं. तेव्हा आकाश समोर आल्यावर मी दुसरं काय करणार? कूलर लावला, सहा जणींनी सहा फोन मांडीवर घेतले आणि मी सभा सुरू केली.

चित्र आलं की मी ते नीट बघायची, सगळ्यांना समजावून सांगायची, आणि म्हणायची, ही चकली आहे असं मी सुचवते. सासू अनुमोदन द्यायची. सून सासूला विरोध करायचा म्हणून तोंड उघडायची, पण मी मान वर केली की मिटायची. मग सहा बोटं एकाच बटनावर. सर्वानुमते चकली. पुढचं चित्र. सर्वानुमते गोळा. ऊन उतरेपर्यंत आम्ही आकाशाचे असे ठरावावर ठराव पास करायचो. सासू-सुनेचं माझ्या व्हरांड्यात जमतं याचा तर मला इतका अभिमान होता की मी तो त्यांच्या घरच्यांनाही बोलून दाखवला.

एकच जण कधी कधी अडायची. धाकटी जाऊ. एका चित्रात एक उजळ ठिपका होता, त्याच्या बाजूला जरा फिका दुसरा, आणि दोन्हीकडून धुरासारख्या दोन शेपट्या निघून वळलेल्या. मी म्हटलं, चकली, पिळाचे दोन हात स्पष्ट आहेत. जाऊ फोन नाकाशी धरून म्हणाली, “बाई, मले तं ह्या दोन दिसून राह्यल्या. फुगडी खेळून राह्यल्या, वेण्या पाहा कशा उडल्या.”

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, तू दिवसभर बाह्या जोडतेस, तुला सगळीकडे दोनच दिसणार. त्यावर आणखी हशा झाला. जाऊही हसली आणि म्हणाली, “तुमी म्हनसान तसं,” आणि तिने चकलीचं बटन दाबलं.

हे वाक्य तिचं नेहमीचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, नोकरीवाली, घरात माझा शब्द चालायचा. भिंतीला रंग कोणता, पोरं कोणत्या शाळेत, तिच्या बहिणीच्या लग्नात तिने कोणतं लुगडं नेसायचं, सगळं मी ठरवलं आणि ती म्हणाली, तुमी म्हनसान तसं. मला वाटायचं, काय गुणाची जाऊ मिळाली. वर्गात एक पोर असंच असायचं, कधी हात वर न करणारं. त्याला मी शहाणं म्हणायची.

संच संपला. पंधरा दिवसांनी माझी सून म्हणाली की पुण्याच्या मॅडमना तुमच्या गटाशी व्हिडिओवर बोलायचंय. तिचा चेहरा जरा ओढलेला होता, पण मी चेहऱ्याकडे बघते कुठे? मला सत्काराचा वास आला. मी पाचही जणींना निरोप दिला. ठेवणीतल्या साड्या निघाल्या. डेपोवाल्या वहिनींनी चक्क गजरा माळला. मी चिवडा केला, आणि चार वाक्यांचं आभाराचं भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. त्यात ‘आम्ही तर निमित्तमात्र’ असंही होतं.

पडद्यावर आल्या त्या माझ्या सुनेहूनही लहान वाटणाऱ्या एक बाई. केस वर बांधलेले, मागे पुस्तकं. नमस्कार झाले. मग त्यांनी अगदी हळू, जपून विचारलं, तुमच्यापैकी हे सहा फोन कोण चालवतं?

मी म्हटलं, ज्याचा तो.

त्या म्हणाल्या की बाकी सगळ्या ठिकाणच्या लोकांची उत्तरं थोडी थोडी वेगळी आली आहेत, पण तुमच्या सहा खात्यांचं पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत एकदाही बिनसलेलं नाही, अगदी जे धुकं आहे त्यातसुद्धा. संगणकाने खूण करून सांगितलं आहे की हे सहा जण नाहीत, एकच माणूस सहा फोन घेऊन बसला आहे.

आणि मी, पस्तीस वर्षांची अनुभवी शिक्षिका, ठेवणीतल्या साडीत, मान ताठ करून म्हणाले, “आमच्या गटात मतभेद नसतात, मॅडम. आमचं सगळं सर्वानुमते असतं.”

माझ्या सुनेने कपाळाला हात लावला. पडद्यावरच्या बाई हसल्या. खोट काढणारं हसू नव्हतं ते. हातातून भांडं निसटल्यावर आपण हसतो तसं होतं. म्हणाल्या, “आजी, मला तुमच्यातला मतभेदच हवा होता.”

मग त्यांनी समजावलं, आणि मी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐकलं. त्या म्हणाल्या ते माझ्या शब्दांत सांगते: दहा जणांपैकी सात जणांना चकली दिसली आणि तिघांना गोळा, तर मला दोन गोष्टी कळतात. बहुतेक चकली असावी ही एक, आणि चित्र किती अंधुक आहे ही दुसरी. ते तीन मला सातांइतकेच लागतात. पण एकीने बघायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असं झालं तर धुक्यालाही मी स्वच्छ ऊन समजून बसेन, आणि ठामपणे चुकेन. आमच्यातही मतभेद असतात, त्या म्हणाल्या. ज्या गुरूंकडे मी शिकले त्यांच्याशी एका दीर्घिकेवरून माझं अजून जमत नाही. आम्ही दोघं आपापलं उत्तर वेगवेगळं लिहून ठेवतो आणि मगच बोलतो. आधी बोलायचं नाही, हाच तर सगळ्या कामाचा नियम.

सहाही जणींची मतं काढून टाकावी लागतील, हे त्यांनी शेवटी सांगितलं. उन्हाळाभराची सगळी. संच दसऱ्यापर्यंत खुला आहे. वाटलं तर पहिल्यापासून पुन्हा बघा, एकेकीने, न बोलता. पण तेव्हाही सहा उत्तरं एकाच साच्यातली आली तर गटाला बाहेर ठेवावं लागेल, माझा नाइलाज आहे, असं म्हणून त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

चिवडा तसाच राहिला. मी सगळ्यांकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण भाषणातली चारही वाक्यं निरुपयोगी झाली होती. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या की म्हणजे आपण चोरी केली असं वाटलं का त्यांना. सासू म्हणाली, आमचं घरी जमत नाही ते बरंच म्हणायचं मग. तिच्या सुनेला हसू आलं, पण तिने ते पदरात घेतलं. डेपोवाल्या वहिनींनी गजरा काढून पिशवीत टाकला. तेवढ्यावरून मला त्यांचं सगळं म्हणणं कळलं.

जाऊ घरी गेली आणि चार-पाच दिवस आली नाही. मशीनचा आवाज भिंतीतून यायचा. मी एकदा वाटीत लोणचं घेऊन गेले. तिने वाटी घेतली, धुऊन परत दिली, आणि तुमी म्हनसान तसं असंही म्हणाली नाही, कारण मी काही म्हटलंच नव्हतं. तिला दोन दिसल्या होत्या, आणि तिच्या नावावर मी एक लिहिली होती. काढून टाकायच्या मतांत तिचं मत नव्हतंच, तिथेही माझंच होतं. पुन्हा बघायचं ठरलं तरी तिने पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघून बटन दाबलं, तर सगळ्यांचंच काम वाया जाणार होतं. आणि तसं झालं असतं तर दोष तिचा नसता. तिला तसं मीच तयार केलं होतं.

पुढच्या सभेला ती आली. मी विषय मांडला की पुन्हा सुरुवात करायची का. सगळ्या हो म्हणाल्या. मग न बोलण्याची व्यवस्था कशी करायची यावर चर्चा झाली. मी म्हटलं, पाठीला पाठ लावून बसू. ताई म्हणाल्या, पण तुमचा हुंकार तर ऐकू येतो ना बाई. हे खरं होतं. मी चित्र बघताना ‘हं’ म्हणते, आणि त्या ‘हं’चे गोळ्याला वेगळे आणि चकलीला वेगळे सूर आहेत हे त्या सगळ्यांना पाठ होतं. मला एकटीलाच माहीत नव्हतं.

तेव्हा जाऊ उठून उभी राहिली. आमच्या गटात उभं राहून कुणी बोलत नाही, मीच बोलते. ती म्हणाली, “माही एक सूचना हाय. काम चालू असंपर्यंत अध्यक्षांनी आतल्या खोलीत बसावं, अन् दार लोटून घ्यावं.”

डेपोवाल्या वहिनींनी अनुमोदन दिलं. न विचारता, पहिल्याच फटक्यात. बाकीच्यांचे हात वर होते. आमच्या गटाच्या इतिहासात इतका खणखणीत सर्वानुमते ठराव दुसरा झालेला नाही, आणि त्यात मला मत देण्याची संधीही कुणी दिली नाही.

मग पावसाळाभर असं चाललं. दुपारी पाच जणी व्हरांड्यात पाठी फिरवून बसायच्या आणि मी आत, पलंगावर, माझा लॅपटॉप घेऊन. पहिले काही दिवस मला फार जड गेले. बाहेर पाच माणसं आहेत आणि एकही शब्द नाही, अशी शांतता मी वर्गात छडी घेऊन उभी असतानाच ऐकली होती. पण ती निराळी होती. त्या शांततेत पोरं माझ्याकडे बघायची. ही शांतता माझ्याकडे पाठ करून कुठेतरी लांब बघत होती. मध्येच कुणीतरी सुस्कारा टाकायचं. एकदा ताई हलक्या आवाजात स्वतःशीच गोंडीत काही बोलल्या. मला कळलं नाही, आणि कळलं नाही ते बरंच झालं. सोयाबीन काढणीला आलं तेव्हा सासू-सून शेतातून येऊन हातपाय धुऊन बसायच्या. त्या दोघी परत जाताना रस्त्यात कडाकडा भांडायच्या. कशावरून, ते दीर्घिकांनाच माहीत.

आतल्या खोलीत माझंही काही झालं, ते सांगते. पहिल्या खेपेला मी प्रत्येक चित्र समजावून सांगण्यासाठी बघत होते. समजावायचं असलं की माणूस पटकन ठरवतो. आता समजावायला कुणी नव्हतं. तेव्हा चित्रं हळू दिसायला लागली. जिथे मी ठणकावून गोळा म्हटलं होतं तिथे कडेला फिकट पीळ असावा असं वाटायचं, आणि पुन्हा बघितलं की वाटायचं नाही. ‘नक्की सांगता येत नाही’ असंही एक बटन तिथे होतं. उन्हाळ्यात ते मी बघितलंच नव्हतं. आता मी ते दाबायला शिकले. पहिल्यांदा दाबताना चोरासारखं इकडेतिकडे बघितलं.

फुगडीचं चित्र आलं तेव्हा मी त्याच्यापुढे बराच वेळ बसले. जावेचं बोलणं कानात होतंच. ते काही पुसता येत नाही. मी प्रामाणिकपणे दोन बघायचा प्रयत्न केला. डोळे बारीक केले, लॅपटॉप लांब धरला. मला एकच दिसली. तिच्याशी गोड व्हायचं म्हणून दोन म्हणावं असा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण ते म्हणजे पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूने. मी चकली दाबली आणि पुढे गेले. भिंतीपलीकडे तिने काय दाबलं ते मला कळणार नव्हतं, आणि मी विचारणार नव्हते. मी कुणाला काही विचारलं नाही, असा माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा काळ.

दसरा झाल्यावर पुण्याहून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी कुणी ठेवणीतली साडी नेसलं नाही. चिवडा मात्र मी केला. एकदा फसला म्हणून माणूस चिवडा सोडत नाही.

मॅडमनी आधी निकालच सांगितला. सहा खाती, सहा माणसं, याबद्दल आता काही शंका नाही. सगळी मतं ठेवली आहेत. स्वच्छ चित्रांत आमचं बाकीच्यांशी जमलं होतं आणि अंधुक चित्रांत आम्ही आपसात फुटलो होतो, जसं फुटायला हवं तसं. मी माझ्या बायकांकडे बघितलं. डेपोवाल्या वहिनी हसत होत्या, दात दिसतील इतक्या. सासूने सुनेच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच हात काढून घेतला. फुटल्याबद्दल कुणी शाबासकी देईल, आणि ती ऐकून माझा ऊर भरून येईल, असं मला वह्या तपासायच्या दिवसांत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला ओणवं उभं केलं असतं.

मग त्यांनी एक चित्र पडद्यावर लावलं. तेच, दोन ठिपक्यांचं, शेपट्यांचं. त्या म्हणाल्या की आधीच्या बघणाऱ्यांत बहुतेकांनी याला पिळाची दीर्घिका म्हटलं होतं आणि ते जवळजवळ मिटल्यात जमा होतं. पण या संचात ठिकठिकाणच्या काही लोकांना दोन दिसल्या. तुमच्या सहा जणींतही तीन विरुद्ध तीन आहे. इतकी दुफळी आहे म्हटल्यावर ते मिटवून टाकणं बरोबर नाही, म्हणून मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा बघण्यासाठी जी चित्रं निवडली त्यांत हे घेतलं आहे.

सासूने विचारलं, पण खरं काय आहे ते सांगा ना, एक का दोन? मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही. इतक्या सरळ म्हणाल्या की आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. मोठ्या शिकलेल्या माणसाने कॅमेऱ्यात बघून मला माहीत नाही म्हणावं, आणि त्यात त्याला काही कमी वाटू नये, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पस्तीस वर्षांत मी ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. आता दिवसातून एकदा तरी म्हणते. माझी सून म्हणते तब्येतीला मानवलंय.

आता पुलगावहून, कारंज्याहून बचत गटांच्या बायका येतात आणि हे काम कसं करायचं ते विचारतात. मी ऐटीत सांगते. त्या चित्राची पाळी अजून आलेली नाही, पण आमच्या व्हरांड्यातलं मत बघून दुर्बीण वळणार आहे म्हणून सांगते. थोडं वाढवूनही सांगते, तेवढा हक्क मला आहे. पण त्यांच्या अध्यक्ष कोण ते मी आधी विचारून घेते आणि त्यांना वेगळ्या खोलीत बसवते.

निकालाच्या त्या दिवशी बाकीच्या गेल्यावर जाऊ मागे राहिली. चिवड्याची ताटली आवरत होती. ते चित्र आमच्या दोघींच्या मध्ये अजून उघडंच होतं. शेवटी मीच म्हटलं, मी पुन्हा एकच म्हटलं बरं का, मला खरंच एकच दिसते. ती म्हणाली की तिने दोन म्हटलं, हे मला कळलं असेलच. मी मान हलवली. तिने ताटली खाली ठेवली, पडद्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “बाई, एक निंघो का दोन निंघो, मले त्याचं काई नाई. पन ह्या घरात आल्यापासून पह्यल्यांदा मी म्हटलं म्हनून कोनी पुन्हा पाहून राह्यलं. आता च्या मांडा, अन् साखर माह्या मनानं टाकजा.”